गोंदियाचे रूळ आणि घरातील व्हीलॅन: भिंत तारेत नसते, नियमात असते

१/ घरातील नेटवर्कचे भाग पाडायचे तर प्रत्येक भागाला स्वतंत्र स्विच आणि स्वतंत्र तार हवी, असे एक मत ठामपणे मांडले जाते. दुसरे मत त्याहून सोपे आहे: घर म्हणजे कंपनी नव्हे, तिथे विभाजन हवेच कशाला? दोन्ही मते चुकीची आहेत, आणि ती का चुकतात हे गोंदिया जंक्शनचा इतिहास सांगतो.

२/ बंगाल-नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली. तिच्या ब्रॉडगेज मुख्य मार्गावरील गोंदियाहून विसाव्या शतकाच्या आरंभी बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे नॅरोगेज मार्ग निघाला. मुख्य मार्गावर दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, नॅरोगेजवर ७६२. स्थानक एकच, पण एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चढणे अशक्य.

३/ हे विभाजन अभेद्य होते, यात वाद नाही. त्याची किंमतही तेवढीच मोठी होती. नॅरोगेजने आलेला माल गोंदियात उतरवायचा आणि दुसऱ्या वाघिणीत पुन्हा भरायचा. प्रवाशाने गाठोडे उचलून गाडी बदलायची. ‘वेगळा स्विच, वेगळी तार’ म्हणणारे आज घरात हेच नॅरोगेज टाकू पाहतात.

४/ पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला. आता एकाच रुळांवरून मालगाडी, पॅसेंजर आणि लांब पल्ल्याची एक्स्प्रेस धावते. त्यांना वेगळे ठेवतात ते गाडीचा क्रमांक, सिग्नल आणि सांधा. विभाजन लोखंडातून निघून नियमात आले.

५/ संगणकांच्या जाळ्यानेही हीच वाट चालली. इथरनेटचा जन्म १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात झाला. त्यात एका यंत्राने सर्वांना मारलेली हाक जाळ्यातील प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचते. जाळे वाढले की हा गोंगाटही वाढतो. १९८०च्या दशकात बेलकोअर या संस्थेत डेव्हिड सिंकोस्की यांनी एकाच भौतिक जाळ्यावर अनेक आभासी जाळी चालवण्याची कल्पना पुढे आणली.

६/ आरंभी कंपन्यांच्या खुणा वेगवेगळ्या होत्या. सिस्कोची आयएसएल ही त्यांपैकी एक. म्हणजे पुन्हा गेजचाच घोळ. १९९८ मध्ये आयईईई ८०२.१क्यू हे सामाईक मानक आले. प्रत्येक फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग, त्यात १२ बिटांचा क्रमांक. ४०९६ पैकी २ राखीव, ४०९४ वापरास मोकळे. व्हीलॅनला ‘नवे खूळ’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे: भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. हे मानक जिल्ह्यापेक्षाही वयाने मोठे आहे.

७/ आता ‘घराला गरज काय’ या प्रश्नाचे उत्तर. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अनेक मोठी संकेतस्थळे कोलमडली. ती यंत्रे युद्धभूमीवरची नव्हती. सामान्य घरांतली, दुकानांतली होती.

८/ गोंदियातील एखादे तीन मजली घर कल्पावे. तळमजल्यावर तांदळाच्या व्यापाराची पेढी, मधल्या मजल्यावर कुटुंब, गच्चीवर कॅमेरे. प्रत्येक मजल्यावर एक स्विच. सारे एकाच जाळ्यात असेल तर स्वस्तातला कॅमेरा आणि पेढीच्या हिशेबाचा संगणक एकाच पंगतीला बसतात. कॅमेरा बाटला की पंगत बाटली.

९/ उपाय अवघड नाही. कुटुंबाला व्हीलॅन १०, पेढीला २०, कॅमेऱ्यांना ३०, पाहुण्यांना ४०. ज्या पोर्टला यंत्र जोडायचे तो ॲक्सेस पोर्ट: त्याला एकच क्रमांक द्यावा, आणि यंत्राकडे जाणाऱ्या फ्रेमवर टॅग नसावा. स्विच ते स्विच आणि स्विच ते राउटर हे दुवे ट्रंक: तेथून चारही क्रमांक टॅगसह जावेत. जुन्या टेलिफोनचा ‘ट्रंक कॉल’ आठवावा. दोन एक्स्चेंजमधील सामाईक मार्गाला ट्रंक म्हणत.

१०/ नेहमीची फसगत मधल्या मजल्यावर होते. तिथे कॅमेरा नाही, म्हणून तिथल्या स्विचवर ३० नोंदवलाच जात नाही, आणि गच्ची मुकी होते. बालाघाटला न थांबणाऱ्या गाडीलाही बालाघाटचा सिग्नल लागतोच. वाटेतल्या प्रत्येक स्विचवर तो क्रमांक हवा, ट्रंकच्या दोन्ही टोकांना हवा. आणि स्विच ‘मॅनेज्ड’ हवा. साध्या स्विचला टॅगचा अर्थ कळत नाही.

११/ स्वतंत्र तारवाल्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे: नियम चुकला की भिंत पडते. पण सांधा चुकू शकतो म्हणून कोणी प्रत्येक गाडीसाठी निराळा रूळ टाकत नाही. सांधेवाला सावध ठेवतात. व्हीलॅन वेगळे करतो, पण त्यांच्यामधील दार राउटरवर असते. तिथे फायरवॉलचा नियम हवा: कुटुंबाने कॅमेरा पाहावा, कॅमेऱ्याने स्वतःहून ना घराकडे वळावे, ना पेढीकडे. हा नियम नसेल तर अनेक राउटर सर्व व्हीलॅन आपसांत खुशाल जोडून देतात, आणि चार क्रमांक केवळ शोभेचे उरतात.

१२/ गोंदियाने भिन्न गेजचे विभाजन पाहिले आणि सिग्नलचेही. पहिल्यात हमालांचे श्रम गेले, दुसऱ्याला अखंड दक्षता लागते. घरातील जाळ्यापुढेही हीच निवड आहे. जो विभाजनच नाकारतो, तो कोणतीही निवड करत नाही. तो सर्व गाड्या एकाच फलाटावर सोडून सिग्नल विझवतो.

#इतिहास #गोंदिया #तंत्रज्ञानाचा_इतिहास