खाते बंद करणे आहे

वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी एवढंच शिकलो, की खातं उघडायला येणाऱ्याला खुर्ची द्यायची आणि बंद करायला येणाऱ्याला कारण विचारायचं. म्हणूनच पुढची तक्रार करण्याचा अधिकार मलाच आहे!

चिरंजीवांनी घरच्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं एक सॉफ्टवेअर घातलं. पहिला महिना फुकट, पुढे दरमहा वर्गणी. बी.कॉम. माणूस मी, म्हटलं, काढा! विंडोजवर सेटिंग्ज, ॲप्स, नावापुढचे तीन ठिपके, मग 'अनइन्स्टॉल'. "खात्री आहे ना?" असं त्यानं विचारलं. माझ्या लग्नात हे कुणी विचारलं नव्हतं.

मेहुण्याकडे मॅक. "दाजी, आमच्याकडे उचलायचं आणि कचरापेटीत टाकायचं!" टाकलं. पण त्याच्या फायली लायब्ररी नावाच्या फोल्डरात तशाच, आणि २०११ पासून ते फोल्डरच लपवलेलं. भाडेकरू गेला, ट्रंका माळ्यावर! शेजारचे लिनक्सवाले म्हणाले, "आमच्या उबुंटूत 'ॲप्ट रिमूव्ह' लिहिलं की प्रोग्रॅम जातो, 'पर्ज' लिहिलं की सेटिंगच्या फायलीही जातात." तुमच्या होम फोल्डरातल्या मात्र तिथंही राहतात. पण काय काय जाणार याची यादी तो आधी वाचून दाखवतो. सज्जन माणूस!

खरी गंमत पुढेच. महिना संपला आणि खात्यातून पैसे गेले! प्रोग्रॅम काढला म्हणजे वर्गणी थांबत नाही. ती वेगळी रद्द करायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून अशी रक्कम आपोआप कापण्याआधी २४ तास निरोप येतो. आलाही होता. 'प्रोग्रॅम तर काढलाय' म्हणून मीच तो पुसला.

आम्हा बँकवाल्यांना खुशाल नावं ठेवा. पण खातं बंद झालं की उरलेली रक्कम आम्ही व्याजासकट हातात ठेवतो. पुढच्या महिन्यात वसुलीला येत नाही. माझं म्हणणं साधं आहे. एका बटणाने जे आत येतं, ते एका बटणाने बाहेर जावं. जाताना आपलं सामान न्यावं, मीटर बंद करावा आणि का काढता, ते विचारू नये.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा खातं बंद करायला आले. सवयीने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. खुर्ची दिली, कारणाच्या रकान्यावर स्वतः रेघ मारली आणि फॉर्म आत पाठवला.

साहेबांनी आत बोलावून मला त्याचं कारण विचारलं.