फज जमलाच नाही तर?

बोईसरच्या एका भगिनीचा प्रश्न आहे: ईदच्या ऑर्डरसाठी लोणावळ्यासारखा चॉकलेट फज केला, रात्रभर ठेवूनही सैलच. फेकून द्यावा का? आम्ही म्हणतो, मुळीच नको.

साखर, दूध, लोणी, कोकोचा फज सैल राहतो तो बहुधा पाक कच्चा राहिल्याने. फ्रीजमध्ये कडक होईल, बाहेर काढताच पुन्हा सुटेल. शिवाय तारापूर-पालघरच्या दमट हवेत साखर ओलावा धरते.

तो जाड बुडाच्या कढईत घ्या, ४ चमचे दूध घालून मंद आचेवर विरघळवा आणि उकळा. तळ लागू देऊ नका. गार पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी वळली (सुमारे ११५ अंश सेल्सिअस) की उतरवा. कोमट होईपर्यंत ढवळू नका. मग चकाकी जाईपर्यंत घोटून लगेच थापा. सामानही वाचेल, ऑर्डरही.