पडत्या काळातील पाठीराखे

संघ कोसळतो तेव्हा साऱ्या देशाला दिसतो. तो पुन्हा उभा राहत असतो, तेव्हा मात्र त्याच्याकडे पाहण्यास फारसे कोणी शिल्लक राहिलेले नसते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे भारतीय पुरुष हॉकी संघाने जर्मनीचा ५-४ असा पराभव करून ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले आणि एकेचाळीस वर्षांची उपेक्षा एका दिवसात धुऊन निघाल्यासारखे वाटले. तो आनंद रास्तच होता. परंतु २००८ पासून २०२१ पर्यंतच्या तेरा वर्षांत, म्हणजे हे पदक घडत असताना, त्याचे पाठीराखे कोठे होते, हा प्रश्न त्या जल्लोषात विरून गेला. संघाची पुनर्बांधणी म्हणजे प्रशिक्षक आणि खेळाडू बदलणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुनर्बांधणीला पाठीराख्यांचीही गरज असते, आणि ही गरज विजयाच्या दिवशी नसून पराभवाच्या दिवशी असते, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

हा विचार करण्यास पुनावळे हे गाव सोयीचे आहे. पवनेच्या काठचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. बाह्यवळण महामार्ग आणि शेजारचे हिंजवडी यांच्यामुळे शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. या गावाच्या एका बाजूस, महामार्गाने थोडे दक्षिणेस गेले की, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते. दुसऱ्या बाजूस, पिंपरीत नेहरूनगर येथे, मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे महापालिकेचे हॉकी मैदान आहे. कृत्रिम पृष्ठभागाचे मैदान मिळावे म्हणून देशातील कित्येक जिल्हे आजही वाट पाहत आहेत. पुनावळ्याचा हॉकीप्रेमी अशा दोन मैदानांच्या मधोमध राहतो. तरीही त्याचे हॉकीप्रेम बहुधा चार वर्षांतून एकदा, दूरदर्शन संचाच्या किंवा हातातील फोनच्या पडद्यावर जागे होते.

या हॉकीप्रेमींचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग उतारवयाचा. पिंपरीच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालविलेल्या या पिढीने १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानला २-१ असे नमवून विश्वचषक जिंकल्याची वार्ता आकाशवाणीवर ऐकली. अशोककुमारचा तो गोल या पिढीच्या मनातून कधी पुसला गेला नाही. त्यामुळे नंतरचा प्रत्येक संघ तिला उणा वाटतो. वर्षभरानेच, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, गवताची जागा कृत्रिम पृष्ठभागाने घेतली, भारत सातव्या क्रमांकावर घसरला आणि खेळाचे सारे अर्थकारणच बदलले, ही गोष्ट ती मान्य करते. पण तुलना करताना विसरते. दुसरा वर्ग तरुणांचा. त्याची हॉकी टोकियोपासून सुरू होते. पदक मिळाले तर संघ थोर आणि न मिळाले तर टाकाऊ, हा त्याचा सरळ हिशेब. पहिला वर्ग इतिहासात रमतो, दुसरा निकालात. दोघांच्याही दृष्टीतून मधला काळ निसटतो. आणि संघ घडतो तो नेमका या मधल्या काळात.

तो मधला काळ कसा होता, हे आठवून पाहण्यासारखे आहे. मार्च २००८ मध्ये चिलीतील सँटियागो येथे ब्रिटनकडून पराभव झाला आणि १९२८ नंतर प्रथमच भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला मुकला. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, दिल्लीच्या प्रेक्षकांसमोर, ऑस्ट्रेलियाने आठ गोल चढविले आणि भारताला एकही करता आला नाही. २०१२ मध्ये लंडनला संघ पोचला खरा. पण सर्व सामने हरून बारा संघांत बारावा आला. २००९ ते २०१९ या दशकात ब्रासा, नॉब्ज, वॉल्श, व्हॅन अस, ओल्टमन्स, मारिने, हरेंद्रसिंग आणि रीड असे आठ प्रशिक्षक संघाने पाहिले. या काळात हॉकी संपली, असा निकाल देऊन अनेक जण मोकळे झाले.

प्रत्यक्षात त्याच काळात टोकियोची पायाभरणी चालली होती. लंडनला शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या संघात गोलरक्षक श्रीजेश होता आणि वीस वर्षांचा मनप्रीतसिंगही होता. नऊ वर्षांनी टोकियोत मनप्रीत कर्णधार होता, आणि जर्मनीचा अखेरच्या क्षणीचा पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने अडविला. डिसेंबर २०१६ मध्ये लखनौला कुमार संघाने बेल्जियमला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात गोल करणाऱ्या सिमरनजितसिंगनेच पुढे जर्मनीविरुद्ध दोन गोल केले, आणि त्याच कुमार संघातील हरमनप्रीतसिंग २०२४ मध्ये पॅरिसच्या कांस्यपदक विजेत्या संघाचा कर्णधार झाला. २०१८ मध्ये ओडिशा शासनाने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व स्वीकारले, तेव्हा या संघांच्या नावावर अलीकडचे ऑलिंपिक पदक नव्हते. ज्यांनी बारावा क्रमांक हा शेवट मानला, त्यांना ही साखळी दिसली नाही. ज्यांनी संघाकडे पाठ फिरविली नाही, त्यांना टोकियोचे यश हा चमत्कार वाटण्याचे कारण नव्हते.

अर्थशास्त्रात प्रकल्पाच्या उभारणीचा कालावधी ही संकल्पना सर्वपरिचित आहे. भांडवल आज गुंतते, उत्पादन काही वर्षांनी बाहेर पडते. मधल्या काळात ताळेबंदात केवळ खर्च दिसतो. पिंपरी-चाकण पट्ट्यातील कामगाराला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. नवा यंत्रसंच बसविला की पहिले काही दिवस ‘रिजेक्शन’ वाढते, हे तो जाणतो. त्या काळात व्यवस्थापन यंत्र भंगारात काढत नाही. दोष नोंदवते, जुळणी सुधारते आणि पुढचा माल तपासते. हॉकी संघाच्या बाबतीत मात्र हाच कामगार, त्याचा पर्यवेक्षक आणि त्याच्या मुलांचे शिक्षक पहिल्याच नाकारलेल्या मालावर सारा कारखाना बंद करण्याची भाषा करतात. पाठीराख्याचे लक्ष हेही एक भांडवल आहे. ते दीर्घ मुदतीचे असेल तरच त्याचा उपयोग. तेजीत आत येणारे आणि मंदीत पळ काढणारे भांडवल कोणताही उद्योग उभा करू शकत नाही.

पॅरिसनंतर पुन्हा अशीच एक परीक्षा आली. श्रीजेश निवृत्त झाला. जून २०२५ मध्ये प्रो लीगच्या युरोपातील टप्प्यात पुरुष संघ ओळीने सात सामने हरला, आणि पदकाचे दिवस संपल्याची भाषा पुन्हा ऐकू आली. त्या पराभवांतील बहुतेक एकेका गोलाचे होते, हे पाहण्याची तसदी किती जणांनी घेतली? सप्टेंबरमध्ये राजगीर येथे त्याच संघाने कोरियाला ४-१ असे हरवून आशिया चषक जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकातील आपली जागा निश्चित केली. महिला संघाची कसोटी याहून कठीण आहे. टोकियोत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचून साऱ्या देशाची वाहवा मिळविणारा हा संघ १९ जानेवारी २०२४ रोजी रांचीत जपानकडून ०-१ असा हरला आणि पॅरिसला मुकला. २०२५ मध्ये तो प्रो लीगमधूनही खालच्या स्पर्धेत गेला. पुनर्बांधणी हा शब्द आज खऱ्या अर्थाने कोणत्या संघाला लागू पडत असेल, तर तो या संघाला. आणि पाठीराख्यांची उणीवही याच संघाला अधिक भासते.

येथे नेहरूनगरच्या मैदानाचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. टोकियोच्या पदकानंतर चारच महिन्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, पुरुषांची वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा या मैदानावर झाली. रांचीतील पराभवानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, महिलांची राष्ट्रीय स्पर्धाही येथेच झाली आणि महाराष्ट्राच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. तेथे हरियाणाने त्यांना हरविले. राष्ट्रीय संघाचे पुढचे खेळाडू निवडले जातात ते अशाच स्पर्धांतून. सातारा जिल्ह्यातील वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली भारतीय संघापर्यंत पोचल्या, त्यांच्यामागे काही पदकांची परंपरा उभी नव्हती. खेड्यातून निघून, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसारख्या योजनांच्या आधाराने, त्यांनी ही वाट चालून दाखविली. भारतीय हॉकीचे काय होणार, अशी चिंता वाहणाऱ्या पुनावळ्याच्या रहिवाशाने मार्च २०२४ मधील एका तरी संध्याकाळी नेहरूनगरची वाट धरली होती काय, याचे उत्तर ज्याचे त्याने स्वतःस द्यावे.

पुणे परिसराला हॉकीचे प्रेक्षक निर्माण करता येत नाहीत, असे मुळीच नाही. खडकीचे उदाहरण समोर आहे. दारूगोळा कारखान्याची वसाहत आणि लष्कराच्या छावण्या यांच्या आश्रयाने तेथे हॉकी रुजली. १९६८ मध्ये जन्मलेला धनराज पिल्ले याच वसाहतीत वाढला, मोडक्या काठ्यांनी खेळायला शिकला आणि चार ऑलिंपिक खेळला. विक्रम पिल्ले यानेही खडकीतूनच भारतीय संघ गाठला. वसाहतीतील प्रेक्षकाला खेळाडू हा शेजारच्या घरातील मुलगा होता. तो आज चुकला, तर उद्या पुन्हा मैदानावर दिसणारच होता. या ओळखीतून धीर येत असे. पुनावळ्याच्या गृहसंकुलांत ही ओळख नाही. परंतु तेथे पंजाब, झारखंड, ओडिशा, कर्नाटक अशा हॉकी जाणणाऱ्या प्रांतांतून आलेली कुटुंबेही राहतात, याचा विचार कोणी केलेला नाही.

व्यावसायिक स्पर्धांनी ही उणीव भरून काढली नाही. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीमध्ये ‘पुणे स्ट्रायकर्स’ हा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि ‘शेर-ए-पंजाब’कडून हरला, त्यानंतर ती स्पर्धाच पुन्हा भरली नाही. पाठीराख्याला सवय लागण्यापूर्वीच संघ नाहीसा झाला. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडून २०२४-२५ मध्ये नव्याने सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. मागणी जेथे दिसत नाही तेथे पुरवठा होत नाही, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडला. ज्या राज्याने धनराज पिल्ले दिला, त्याच्या वाट्याला हे यावे, याचा दोष केवळ संयोजकांवर ढकलून चालणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की, धीर धरा म्हणजे चुका पोटात घाला, असाच याचा अर्थ होतो. तसा तो होत नाही. डिसेंबर १९९८ मध्ये धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले, आणि लगेच त्याच्यासह काही ज्येष्ठ खेळाडूंना विश्रांतीच्या नावाखाली संघाबाहेर ठेवण्यात आले. ही पराभवाची शिक्षा नव्हती; विजयानंतरची मनमानी होती. अशा वेळी पाठीराख्याने गप्प बसणे हा धीर नसून बेपर्वाई ठरते. प्रशिक्षकाला किती काळ दिला, कुमार संघातून किती जण वर आले, देशांतर्गत स्पर्धा वेळच्या वेळी भरतात की नाही, हे प्रश्न पाठीराख्याने सतत विचारले पाहिजेत. गोल हुकल्यावर खेळाडूला शिव्या देणे सोपे असते. हे प्रश्न विचारण्यासाठी मात्र खेळ वर्षभर पाहावा लागतो. पाहणारा प्रेक्षकच हिशेब मागू शकतो, आणि ज्याच्याकडे हिशेब मागणारे नसतात तो कारभार सुधारत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. कारखान्याची पाळी, कार्यालयाची वेळ आणि रस्त्यावरील कोंडी यांतून पुनावळ्याच्या माणसाने मैदानावर जावे कधी? स्पर्धा आहे हे तरी त्याला कळते काय? या तक्रारीत तथ्य आहे, आणि तिचे निवारण महापालिकेच्या हाती आहे. मैदान बांधणे हे निम्मे काम. ते माणसांनी भरणे हे उरलेले निम्मे. स्पर्धांचे वेळापत्रक शाळांत आणि गृहसंकुलांत पोचविणे, सुटीच्या दिवशी विद्यार्थ्यांना सामने दाखविणे, संध्याकाळी मैदानाचा काही वेळ शाळांच्या संघांना देणे, यासाठी मोठा निधी लागत नाही. शिक्षकांनी वर्षातून एकदा वर्ग तेथे नेला तरी पुष्कळ आहे. खेळाडू घडविणे शाळेला परवडणार नाही. प्रेक्षक घडविणे नक्कीच परवडेल.

ओडिशाने पदकाची वाट न पाहता संघाला हात दिला. महाराष्ट्राला तेवढा खर्च झेपेल की नाही, हा वेगळा विषय आहे. परंतु पराभूत संघाच्या सामन्याला जाऊन बसण्यासाठी कोणत्याही अर्थसंकल्पाची मंजुरी लागत नाही. पुढचे पदक कधी मिळेल, हे कोणीच सांगू शकणार नाही. ते मिळवून देणारी एखादी मुलगी आज कोणत्या तरी आंतरजिल्हा स्पर्धेत जवळजवळ रिकाम्या मैदानावर खेळत असेल, एवढे मात्र आजवरच्या अनुभवावरून सांगता येते. तिच्या विजयात वाटा मागण्याचा हक्क, तिचे आजचे पराभव पाहिलेल्यांनाच पोचेल.