जिझिया भरला, पण संरक्षण कुठे होते?

मुंबईत नोकरी-धंदा केलेल्या आपल्या मालवण-देवगडच्या माणसांना इराण्याचे हॉटेल सांगावे लागत नाही. ब्रून-मस्का, कडक चहा, संगमरवरी टेबल. काही इराणी आपल्यासारखेच मुसलमान, पण बरेचसे झरतुष्ट्री, म्हणजे पारशांचेच भाऊबंद. गुजरातेतून आलेले पारशी हजारएक वर्षांपूर्वीचे. हे इराणी मात्र गेल्या दोनशे वर्षांत यझद आणि केरमान या भागांतून आले. ते मुलूख सोडून का आले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. उत्तर ऐकायला आपल्याला जड जाते, हेही एक कारण असेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इराणात झरतुष्ट्री जेमतेम सात-आठ हजार उरले होते. गावात त्यांनी घोड्यावर बसायचे नाही, चांगल्या रंगाचे कपडे घालायचे नाहीत, घर उंच बांधायचे नाही. घरातला एखादा मुसलमान झाला की इतर वारसांना डावलून सगळी मिळकत त्याच्या पदरात पडे. अशा लालचेने आलेल्या ईमानाची किंमत अल्लाहकडे काय असणार? शिवाय दरवर्षी जिझिया होताच, आणि वसुली करणारे ठरल्यापेक्षा जास्तच उकळत.

जिझियाबद्दल आपल्या घरांतूनही गैरसमज आहेत, म्हणून थोडे थांबतो. मजूस लोकांकडून तो घ्यावा की नाही, याबद्दल हजरत उमर (रजि.) यांना शंका होती. हजरच्या मजूसांकडून पैगंबर (स.) यांनी जिझिया घेतला होता, अशी साक्ष हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी दिली, तेव्हा त्यांनी तो स्वीकारला. जिझिया घेतला म्हणजे त्यांच्या जीविताची, मालाची, अब्रूची हमी घेतली. ज्याच्याशी करार आहे त्याच्यावर जुलूम करणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी आपण स्वतः उभे राहू, असे पैगंबर (स.) यांनी बजावले आहे. एका म्हाताऱ्या यहुदी भिकाऱ्याला पाहून हजरत उमर (रजि.) यांनी त्याचा जिझिया माफ केला आणि बैतुलमालमधून त्याची सोय लावली, ही हकीकत आपण मुलांना सांगतो. यझदमध्ये पैसे घेणे तेवढे राहिले होते, हमी गेली होती.

तिथून पळून आलेल्यांच्या हकिकती मुंबईच्या पारशांनी ऐकल्या. पांडे घराण्याच्या घरात तर हे दुःख जुनेच होते. त्यांची एक पूर्वज स्त्री अशीच इराणातून आली होती. 1854 साली मुंबईत इराणी झरतुष्ट्रींची स्थिती सुधारण्यासाठी एक मंडळ निघाले. पुढे सर दिनशा पेटिट यांनीही त्याला मोठा आधार दिला. मंडळाने माणूस निवडला तो माणेकजी लिमजी हातरिया. जन्म 1813, सुरतेजवळचा. व्यापाराच्या निमित्ताने हिंदुस्थानभर फिरलेला, चाळिशी ओलांडलेला.

त्याने पहिले काम केले ते मोजणीचे. कुठे किती माणसे, कोणाची काय अडचण, हे लिहून त्याने मुंबईला कळवले. मग शाळा काढल्या, पडलेल्या अग्यारी दुरुस्त केल्या, पैशांअभावी रखडलेली गरिबांची लग्ने लावून दिली. यझद आणि केरमानला अंजुमन उभ्या केल्या, म्हणजे लोकांनी आपले काम आपण पाहावे. स्वतःच्या लोकांच्या चुकाही त्याने पोटात घातल्या नाहीत. गाईचा बळी आणि एकाहून जास्त बायका करणे त्यांनी सोडावे म्हणून तो भांडला. आणि जिझिया? तो मुंबईच्या फंडातून भरायला लागला, आणि दुसरीकडे तो रद्द व्हावा म्हणून शहा नासिरुद्दीनच्या दरबारी अर्जामागून अर्ज. ब्रिटिश वकिलातीची मदत त्याने घेतली हे खरे, पण तेवढ्यावर तो राहिला नाही. तेहरानचे मुसलमान विद्वान आणि सूफी यांच्यात त्याची ऊठबस होती. ‘दरवेश फानी’ हे टोपणनाव त्याने उगाच घेतले नव्हते. 1873 साली शहा लंडनला गेला, तेव्हा तिथेही पारशांनी त्याच्यापुढे हीच मागणी ठेवली.

जिझिया रद्द झाल्याचे फर्मान निघाले 1882 साली. अठ्ठावीस वर्षे!

मला या हकिकतीत सर्वांत जास्त थांबवते ते मुंबईच्या लोकांचे इतकी वर्षे पैसे पाठवत राहणे. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांच्या जमाती मुंबईत आहेत, आता आखातातही आहेत. मशिदीच्या मिनाराला, फरशीला वर्गणी लगेच जमते. त्यात वाईट काही नाही. पण गावातल्या दहावी झालेल्या मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च सलग पाच वर्षे उचलायचा म्हटले की दुसऱ्या वर्षीच पावती-पुस्तक कपाटात जाते. गावात शिक्षण सोडलेली मुले किती, विधवा किती, याची वही किती जमातींकडे आहे?

फर्मान निघाले तरी यझदमध्ये घोड्यावर बसायची बंदी लगेच उठली नाही; कागद तेहरानचा, गल्ली यझदची. माणेकजी मुंबईला कायमचे परत आले नाहीत. 1890 साली तेहरानलाच वारले. मंडळाने त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमला, आणि वर्गणी चालू राहिली.