तुंगारेश्वरची वाट

वसईच्या पश्चिम पट्ट्यांत राहणारा मनुष्य पहाटे दार उघडतो, तों समोर तुंगारेश्वरचा डोंगर उभा असतो. निर्मळ, गास, भुईगांव, नंदाखाल, आगाशी, कोणत्याहि गांवीं जा. सूर्य उगवतो तो त्याच डोंगरामागून. मासेमारीस दूर गेलेल्या कोळ्यास किनाऱ्यावरचे माड दिसेनासे झाले तरी ती निळी रेघ दिसत राहते. असें असूनहि आमच्या वाड्यांतलीं व बंदरांवरलीं किती मुलें त्या डोंगरावर चढलीं असतील? मीं हा प्रश्न दहावीच्या वर्गांत केला तेव्हां अर्ध्याहून अधिक हात वर झाले. "आणि घरीं सांगून कोण गेलें होतें?" असें विचारतांच ते भराभर खालीं आले. दोनच राहिले, आणि तेहि महाशिवरात्रीस शेजाऱ्यांबरोबर देवळापर्यंत गेलेल्यांचे.

मुलें जातात, आणि आम्हां वडील माणसांना तें ठाऊक नसतें. याविषयीं चार शब्द लिहिण्याचा मजला अधिकार आहे, कारण या बाबतींत मीं स्वतः चूक केली आहे.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती. नववींतील कांहीं मुलांनीं येऊन "सर, आम्हांला तुंगारेश्वरला न्या" अशी गळ घातली. मीं जबाबदारीचें कारण पुढें केलें, अभ्यासाचें केलें, पावसाचें केलें, आणि त्यांस वाटेस लावलें. मनांतून मला हायसेंहि वाटलें. पुढें जुलैंतील एका रविवारीं त्यांच्यांतले चौघे शिकवणीस जातों असें घरीं सांगून डोंगरावर गेले. जातांना घोट्याइतका असलेला ओढा परततांना मांडीपर्यंत आला होता. तिघे कसेबसे पलीकडे पोंचले. चौथ्याचा पाय दगडांत अडकून मोडला व तो मागल्या काठावरच राहिला. रात्रभर तो एका झाडाला धरून बसला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाड्यावरच्या दोघां वारली भावांनीं त्याला झोळींत घालून खालीं आणलें. इस्पितळांत मी त्याच्या खाटेशेजारीं बसलों असतां त्याच्या वडिलांनीं हलक्या आवाजांत एवढेंच विचारलें, "सर, पोरांनीं आधीं तुम्हांलाच विचारलें होतें ना?"

मीं "होय" म्हटलें. त्यापुढें दोघांनाहि बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

येथून थोड्याच अंतरावर, कामणच्या बाजूस, चिंचोटीचा धबधबा आहे. सन २०१८ च्या जुलैंत तेथें एकाएकीं पाणी वाढून शंभराहून अधिक माणसें अडकून पडलीं, व त्यांस बाहेर काढण्यास मोठी खटपट करावी लागली; एकाचा प्राण गेला. तेथें माणसें बुडाल्याच्या वार्ता त्यापूर्वींहि येत, पुढेंहि येत राहिल्या. पावसाळ्यांत अशा जागीं जाण्यास मनाईहुकूम निघतो तो योग्यच आहे, आणि तो मोडणाऱ्याची बाजू मी घेणार नाहीं. परंतु हुकूम निघाला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें शाळेनें व पालकांनीं मानावें हें मला पटत नाहीं. ज्या मुलानें तो ओढा कोरडा असतांना कधीं पाहिला नाहीं, त्याला तो भरला म्हणजे काय होतें याची कल्पना यावी कोठून?

त्या वारली भावांपैकीं थोरल्याकडे मी नंतर मुद्दाम गेलों. अंगणांत बसून त्यानें जें सांगितलें तें आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत असावयास हवें होतें. वर पठारावर पडणारा पाऊस खालीं उभ्या असलेल्यास दिसत नाहीं; खालीं ऊन असलें तरी वर सर कोसळत असते. काळ्या कातळांत पाणी फारसें मुरत नाहीं, तें सरळ ओढ्यांत उतरतें. प्रथम नितळ पाणी गढूळ होतें, मग पाला नि काटक्या वाहूं लागतात, आणि आवाज जड होतो. यांतलें एकहि चिन्ह दिसलें कीं ज्या काठावर असाल त्याच काठानें उंच जागीं चढावें. पलीकडे जाण्याची घाई करूं नये. पिशवी पलीकडे राहिली तर राहूं द्यावी. गुडघ्याएवढें वेगाचें पाणी मोठ्या माणसाचेंहि पाऊल उचलतें. "पाणी चढलें तसें उतरतें, सर," तो म्हणाला, "पण शहरांतल्या माणसाला बसून राहतां येत नाहीं."

गेल्या डिसेंबरांत वनखात्याची परवानगी काढून आम्ही तिघे शिक्षक व चार पालक वर जाऊन आलों. वाटाड्या तोच. सोबत आलेल्या पालकांत त्या मुलाचे वडीलहि होते. अहमदाबादच्या महामार्गावरील फाट्यापाशीं ट्रकांचा गोंगाट असतो, आणि एका वळणानंतर तो पार मावळतो. देऊळ तेथून कोसभर. वाटेंत ओढा पुनःपुनः आडवा येतो. त्या दिवशीं त्यांत नुसते गोल धोंडे होते. देवळापुढें चढ लागतो. साग, ऐन, कुडा, मधूनच काटेसावर. सन २००३ मध्यें हा सुमारें पंच्याऐंशी चौरस किलोमीटरांचा मुलूख अभयारण्य ठरला. दक्षिणेकडे, वसईच्या खाडीअलीकडेच, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा नागला नांवाचा भाग त्याला भिडतो, व बिबट्या दोन्हीकडे आहे. याच डोंगराच्या कुशींत पेल्हारचें धरण आहे, आणि शहराच्या नळांस येणाऱ्या पाण्याचा कांहीं भाग तेथला असतो. हें पालकांपैकीं दोघांस ठाऊक नव्हतें. एका शिक्षकासहि नव्हतें, पण त्याचें नांव मी सांगणार नाहीं.

वर एक मोठी मंडळी भेटली. त्यांच्यापाशीं गाणीं वाजविण्याचें यंत्र होतें, तें देवळापासून शिखरापर्यंत एकदांहि थांबलें नव्हतें. त्यांतील एका तरुणानें आम्हांला विचारलें, "येथें पाहण्यासारखें काय आहे?" वाटाड्यानें हातानेंच पश्चिम दाखविली.

दोन हजार फुटांवरून मींहि ती प्रथमच पाहिली. खालीं नायगांवपासून विरारपर्यंत इमारतींची पांढरी भिंत. तिच्यापलीकडे हिरवी किनार, आणि मग समुद्र. उजवीकडे अर्नाळ्याचें बेट. ती हिरवी किनार म्हणजे आमच्या केळींच्या, फुलांच्या, भाजीच्या वाड्या. ती इतकी अरुंद उरली असेल असें तींत राहून चाळीस वर्षांत मला कधीं वाटलें नव्हतें. त्या मुलाचे वडील आपलें घर शोधीत पुष्कळ वेळ उभे राहिले. तें त्यांना सांपडलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, चढणेंच हवें तर जीवदानीच्या हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. पायांस व्यायाम म्हणून त्या उत्तमच. पण पायऱ्यांना पूर येत नाहीं. कोणी म्हणेल, शिक्षकांस वेळ कोठें आहे? नाहीं, हें खरें. तरी माझें मागणें लहान आहे. दर वर्षीं डिसेंबरांत नववीचा वर्ग, परवानगी काढून, दहा मुलांमागें एक वडील माणूस घेऊन, वर न्यावा. मुलींना वगळूं नये. पाड्यावरचा वाटाड्या घ्यावा, व त्याला शाळेनें मजुरी द्यावी. तो आम्हांला शिकवितो, तेव्हां आभारांवर त्याची बोळवण करूं नये. आणि कोरड्या ओढ्यांत मुलांस उभें करून पुराची खूण दगडांवर कोठपर्यंत आहे तें बोट लावून दाखवावें. मीं पाहिली, ती माझ्या छातीपर्यंत होती.

येत्या डिसेंबरच्या फेरीसाठीं संमतिपत्रें गेल्या सोमवारीं वर्गांत वाटलीं. दुसऱ्याच दिवशीं पहिलें सही होऊन आलें. तें त्याच वडिलांचें होतें. त्यांची धाकटी मुलगी यंदा नववींत आहे.