हल्का आणि हलका



आठवीच्या उर्दूच्या तासाला धड्यात 'हल्का' हा शब्द आला. मी अर्थ विचारला. मागच्या बाकावरची मुलगी चटकन उभी राहिली, "मॅडम, वजनाला कमी!" वर्ग हसला. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. वजनाला कमी तो 'हलका' छोट्या 'हे'ने आणि छोट्या 'काफ'ने लिहायचा. मराठीतही आपण तोच वापरतो. दुसरा बड्या 'हे'ने आणि बड्या 'काफ'ने. त्याचा अर्थ कडे, वर्तुळ. निवडणुकीच्या दिवसांत उर्दू वर्तमानपत्रे मतदारसंघाला 'हल्का' म्हणतात तो हाच. मुलींनी वहीत उतरवून घेतले आणि तास संपला.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या पालिकेची प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली. पालिकेच्या फळ्यावर लावलेला नकाशा बघितला आणि वाटले, पोरगी फार काही चुकली नव्हती. हल्का कसा आखतात, त्यावरच आपले मत किती हलके होणार ते ठरते.

आमचा मोहल्ला जुना आहे. मधून मस्जिदीची गल्ली, एका टोकाला पालिकेची उर्दू शाळा, दुसऱ्या टोकाला नाला. नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती. नव्या नकाशात गल्लीच्या अलीकडची घरे एका प्रभागात, पलीकडची दुसऱ्या आणि शाळेमागची रांग तिसऱ्या प्रभागात गेली होती. आमच्या दारातून समोरच्या खालांच्या चुलीवरचा चहा उकळताना दिसतो. पण आता त्यांचा नगरसेवक वेगळा आणि आमचा वेगळा होणार होता.

इशाच्या नमाजनंतर खालांच्या ओट्यावर मंडळी जमली. तरुण मुले तापलेली होती. "आपली वस्ती मुद्दाम फोडली. मॅडम, तुमचे मराठी चांगले आहे, अर्ज लिहा." मी लिहिला. चार वेळा 'मुस्लिम वस्ती' आले, तीन वेळा 'अन्याय'. वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त निवृत्त तलाठी असलेले आमचे एक मामू गप्प होते. विचारले तर म्हणाले, "बेटी, सगळे खरे आहे. पण यात नाला कुठे आहे?"

मला आधी राग आला. मग त्यांनी समजावले. प्रभाग आखताना जे निर्देश असतात त्यांत काय बघायचे ते लिहिलेले असते. लोकसंख्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून फार कमी-जास्त नको. प्रभाग सलग हवा. हद्द शक्यतो मोठा रस्ता, नदी, नाला, रेल्वेमार्ग अशी डोळ्यांना दिसणारी हवी. जनगणनेचा प्रगणक गट शक्यतो तुटू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन होऊ नये. धर्माचा मुद्दा त्यात नाही. "सुनावणीला साहेब विचारतील, कोणत्या निकषाविरुद्ध तुमची हरकत आहे? 'अन्याय' हा काही निकष नाही. सर्वांचा रोजचा वापर कशाचा आहे, ते लिही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही पाच-सहा बायका नकाशा हातात घेऊन हद्दीवरून चालत गेलो. माझ्या चाळीस-बेचाळीस वर्षांत मी स्वतःचा मोहल्ला असा कधी बघितला नव्हता. पाण्याची टाकी एक, पण तिचे वापरणारे तीन प्रभागांत. रेशनचे दुकान एक. आणि नाला! दर पावसाळ्यात तो दोन्ही काठांवर चढतो. आमच्या बाजूला शिरखुर्म्याची पातेली वर ठेवावी लागतात, त्यांच्या बाजूला मुलांची दप्तरे. पलीकडच्या अंगणवाडीच्या ताई आम्हाला बघून बाहेर आल्या. त्यांच्याही वस्तीचे दोन तुकडे झाले होते. त्याही अर्ज लिहायच्या विचारात होत्या.

"मग एकच लिहू या का?" त्यांनी विचारले.

खरी अडचण इथे सुरू झाली. ओट्यावर पुन्हा बैठक बसली. एक बुजुर्ग म्हणाले, "दोन्ही काठ एकत्र आले तर प्रभागात आपण निम्म्याहून कमी. आपला माणूस कसा येणार? त्यापेक्षा सगळा मोहल्ला एका प्रभागात मागा." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. माझ्याही मनात तेच होते.

मी खालांकडून दहा खजूर, पंधरा बदाम आणि पाच बशा मागून घेतल्या. प्रत्येक बशीत पाच दाणे, म्हणजे पाच प्रभाग. ज्याचे दाणे जास्त त्याची बशी. पहिल्यांदा प्रत्येक बशीत दोन खजूर आणि तीन बदाम ठेवले. पाचही बशा बदामांच्या. खजूर दहा असून एकही बशी नाही. याला म्हणतात वस्ती फोडणे. मग पाच-पाच खजूर दोन बशांत भरले. दोन बशा मिळाल्या. पण उरलेल्या तीन बशांत खजूर औषधालाही नाही. याला म्हणतात कोंडणे. मग तीन बशांत तीन-तीन ठेवले आणि एक चौथ्या बशीत. दहाच खजूर, पण आता तीन बशा त्यांच्या! दाणे तेच, बशा त्याच, फक्त वाटणी बदलली.

"पाहिलेत ना?" मी म्हणाले. "आपण 'सगळे एकत्र करा' म्हणतो तेव्हा दुसरी बशी मागतो. आपल्या प्रभागात आपला माणूस हमखास येईल. पण बाकीच्या प्रभागांतल्या कुणालाही मग आपल्या गल्लीत यायची गरज उरणार नाही. सभागृहात आपला एक हात वर होईल आणि बाकीचे खाली."

खाला खजूर उचलत म्हणाल्या, "पण बाई, आम्ही काय नुसते खजूर आहोत? मला बदामवाल्यांच्याच नाल्याचा त्रास होतो."

सगळे हसले, पण खालांनी नेमके बोट ठेवले होते. बश्यांच्या हिशोबात माणसाला एकच रंग असतो. प्रत्यक्षात तसे नसते. जगात इतर ठिकाणीही हा प्रश्न आलेला आहे. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एल्ब्रिज गेरी राज्यपाल असताना आपल्या पक्षाच्या सोयीने असा एक वेडावाकडा मतदारसंघ आखला गेला, की त्याचा आकार सॅलॅमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसला. तेव्हापासून अशा लबाडीला तिकडे 'जेरीमँडर' म्हणतात. त्यावर उपाय म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २००८ साली मतदान घेऊन हे काम आमदारांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिले. तिथे 'समान हितसंबंध असलेली वस्ती' शक्यतो तोडायची नाही असा नियम आहे. समान हित म्हणजे सामाजिक आणि आर्थिक बाबींतला सारखेपणा. कोणता पक्ष, कोणता उमेदवार आवडतो, हे त्यात धरायचे नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. आणि ही वस्ती कुठून कुठपर्यंत हे लोकांनी स्वतः येऊन सांगायचे असते.

आपल्याकडे विधानसभा-लोकसभेसाठी २००२ चा परिसीमन कायदा आहे. त्यातही सलगता, भूरचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी असे म्हटले आहे. पण कागदावरची सोय आणि माणसांची सोय नेहमी जुळतेच असे नाही. मालेगावचेच घ्या. २००८ च्या फेररचनेत मालेगाव हा लोकसभा मतदारसंघच राहिला नाही. विधानसभेचे मालेगाव मध्य आणि मालेगाव बाह्य हे दोन्ही मतदारसंघ धुळे लोकसभेत गेले. तिथल्या मागवाल्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे काम असेल तर नाशिक, आणि खासदाराकडे काम असेल तर धुळे. यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. पण यंत्रमागाच्या विजेचा दर आणि सुताचा भाव हे त्या गावाचे समान हित. ते मांडायला दोन दिशांना दोन बस पकडाव्या लागतात.

राखीव जागांचेही तसेच. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले की मुस्लिम मतदार लक्षणीय असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत आणि अनुसूचित जातींचे प्रमाण तुलनेने जास्त असलेले काही मतदारसंघ खुले राहिले आहेत. आसाममधला करीमगंज लोकसभा मतदारसंघ असाच वर्षानुवर्षे राखीव होता. २०२३ च्या फेररचनेत तो खुला झाला आणि शेजारचा सिलचर राखीव झाला. चुकीच्या जागी राखीव ठेवल्याने नुकसान दोघांचे होते. एकाला उभे राहता येत नाही आणि दुसऱ्याला आपल्या दाट वस्तीची जागा मिळत नाही. म्हणून हा प्रश्न 'आपण विरुद्ध ते' असा मांडणे मला पटत नाही. आरक्षणाविरुद्ध बोलणे तर मुळीच नाही.

शेवटी आमचा अर्ज दुसऱ्यांदा लिहिला गेला. त्यात 'अन्याय' एकदाही नव्हता. नाल्याचे दोन्ही काठ, पाण्याची एक टाकी, एक रेशन दुकान, पलीकडची वस्ती फोडू नये हा निकष, आणि गल्लीच्या मधोमध गेलेली हद्द. सोबत हाताने काढलेला नकाशा. खाली दोन्ही काठांवरच्या सह्या, काही अंगठे. मुदतीच्या आत दिला आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतली. त्या बुजुर्गांनी सही केली नाही. मी आग्रहही केला नाही. त्यांची भीती उगीच आलेली नाही. दोन सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक जागेसाठी वेगळे मत पडते, त्यामुळे ज्यांची संख्या जास्त ते दोन्ही जागा नेऊ शकतात. हे मी नाकारू शकत नव्हते.

सुनावणीला आमच्याकडून मी आणि पलीकडून अंगणवाडीच्या ताई बोललो. पाच मिनिटांत आटोपले. अंतिम रचनेत नाल्याचे दोन्ही काठ एका प्रभागात आले, गल्लीही जुळली. सोडतीत एक जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी निघाली आणि दुसरी सर्वसाधारण. उभे राहायची तयारी केलेला आमच्या गल्लीतला एक मुलगा महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हता. त्याच्या मते दुसऱ्या जागेचे गणितही मीच बिघडवले. असेलही. पण यंदा पावसाळ्याआधी नाल्याचा गाळ काढायला यंत्र आले, तेव्हा मते मागायला दोन्ही काठांवर फिरलेले उमेदवार दोन्ही काठांवर उभे होते. एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

एक गोष्ट मात्र झाली नाही. शाळेमागची चौदा घरे तिसऱ्या प्रभागातच राहिली. कारण साधे होते. प्रभागरचना २०११ च्या जनगणनेवर झाली. तेव्हा त्या जागी शेत होते आणि ते शेत दुसऱ्या प्रगणक गटात होते. चौदा घरांची माणसे कागदावर तिथे राहतच नव्हती.

म्हणून या महिन्यात माझी एकच विनंती. २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पुढचे कितीतरी नकाशे तिच्या आकड्यांवर आखले जातील. लोकसभा-विधानसभेच्या जागांची संख्याही २००१ सालच्या ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. प्रगणक दारात येईल तेव्हा 'घरात कुणी मर्द नाही, नंतर या' म्हणून त्याला परत पाठवू नका. सासूबाई, तान्हे बाळ, कामासाठी येऊन राहिलेला भाचा, सगळ्यांची नोंद करा. भाषेच्या रकान्यात खरी भाषा सांगा. प्रभागाचा नकाशा लागला की फोटो काढून समाधान मानू नका. हद्दीवरून एकदा चालून या. आणि मतदार यादी प्रभागवार फुटली की आपले नाव कुठे गेले ते बघा.

काल पाण्याच्या रांगेत शाळेमागच्या एक भाभी माझ्या पुढे होत्या. हंडा उचलताना म्हणाल्या, "मॅडम, टाकी तुमची आमची एकच. मग नळ बिघडला तर मी कुणाकडे जायचे?"

मी त्यांना त्यांच्या नगरसेवकाचे नाव सांगितले. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. भाभींनी त्यांना अजून पाहिलेले नाही.