पहिलीचा वर्ग न पाहिलेली मुलं

मा. उपनिर्देशक,
सार्वजनिक शिक्षण खाते, बेळगाव व चिकोडी शैक्षणिक जिल्हे
यांस,



मार्च 2020 मध्ये करोनामुळे आपल्या शाळांना कुलूप लागलं. पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरले ते थेट 25 ऑक्टोबर 2021 ला. म्हणजे 2020 साली ज्यांचं पहिलीत नाव घातलं, ती मुलं वर्गात बसली तेव्हा दुसरीत होती. मध्ये सरकारचं विद्यागम आलं, म्हणजे शाळेबाहेर भरणारे वर्ग. गुरुजी-बाईंनी देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली मुलं जमवली. ऑक्टोबर 2020 मध्ये तेही थांबलं.

बेळगावातल्या आमच्या खडेबाजारात खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी घरं पुष्कळ. घरात फोन एकच. त्याच्यावरच गिऱ्हाइकं, थोरलीचा तास आणि धाकट्याचा अभ्यास. अशाच एका घरातला मुलगा शाळा सुरू झाल्यावर हजेरीत नाव आलं की नुसती मान हलवायचा. बाई पुन्हा पुकारायच्या, तरी 'हजर' हा शब्द काही फुटत नसे. फोनवर माईक बंद ठेवून बसायची सवय जडलेली. पोरं हसली की तो दप्तरात काहीतरी शोधत राहायचा. शाळेत त्याची नोंद झाली 'वाचनात मागे' एवढीच.

निपाणीकडचं दुखणं निराळं. 2021 मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा अहवाल दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून कर्नाटकात येता येत नव्हतं. कित्येकांचं आजोळ कागल-कोल्हापूरकडे. माझ्या माहितीतल्या एका मुलीची आजी तिकडेच वारली. हिला न्यायला कुणाला जमलं नाही. पुढे घरात तो विषयच कुणी काढला नाही, आणि तीही गप्प झाली.

2022-23 हे वर्ष खात्याने 'कलिका चेतरिके' (शिकण्याची भरपाई) म्हणून राबवलं, ते योग्यच केलं. पण आमच्या मुलांपर्यंत पोचली ती अक्षर-अंकांची भरपाई. भीतीची, दुःखाची विचारपूस राहूनच गेली. युनिसेफच्या 2021 च्या पाहणीत भारतातल्या 15 ते 24 वयाच्या फक्त 41 टक्के मुलामुलींना मनाच्या त्रासात दुसऱ्याची मदत घेणं चांगलं वाटत होतं. गप्प बसायचं शिक्षण त्या वयाच्या आधीच पुरं होतं, म्हणून प्राथमिक शाळेपासूनच सुरुवात हवी.

मागणं फार नाही. मनाच्या त्रासात फोनवर मदत देणाऱ्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा नंबर प्रत्येक सरकारी मराठी शाळेच्या फळ्यावर मराठीत लिहा. त्या सेवेत मराठी बोलता येतं, हे इथल्या पालकांना ठाऊकच नाही. शाळेच्या एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत हा विषय घ्या. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था फार लांब नाही. तिथल्या डॉक्टरांना बोलावून गप्प राहणारं, सारखं पोट दुखतं म्हणणारं, शाळा चुकवणारं मूल ओळखायला शिक्षकांना शिकवा. हे शिकवणं मराठीतून होऊ द्या, कारण मूल रडतं ते घरच्या भाषेत.

2020 ला पहिलीत नाव घातलेली ही मुलं 2030 मध्ये दहावीला बसतील. पहिलं प्रशिक्षण येत्या दसऱ्याच्या सुट्टीआधी लावावं, ही विनंती.

आपली,
खडेबाजारातील एक आई